बाई, तुमची धुऱ्याकडची जागा

बाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला धीर होतो. तुम्ही असता आणि कोणी हे तुम्हाला वाचून दाखवलं असतं, तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी चौथी शिकले, तुम्ही एक दिवसही शाळेत गेला नाहीत. आपल्या दोघी जावांमध्ये तुमच्यापेक्षा माझ्याकडे जास्त असलेली ही एकच गोष्ट. बाकी सगळं तुमच्याकडे जास्त होतं. उंची, आवाज, रोवणीतला हात, दोन धडधाकट लेक. आणि माझी पोरगी.

हे माहीच्या वहीत लिहिते आहे. पुढच्या पानांवर तिने पेनाने गोल गोल केले आहेत, मी मागून सुरुवात केली. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. आज आपल्या धानाच्या बांधीत रोवणी सुरू झाली. आज काय झालं ते सांगण्यासाठीच वही घेतली, पण ते एकदम सांगता येत नाही. आधीचं सांगावं लागेल, आणि आधीचं सगळं माझ्या तोंडाला कडू आहे.

तुम्ही गेलात त्या सकाळपासून सांगते. धानाच्या रोपांना, पऱ्ह्यांना पाणी लावायला गेलात, बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसलात, आणि भाऊजी हाका मारत राहिले तरी उठला नाहीत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आणलं. अंगणात ठेवलं. माणसं जमली. मी आपल्या दोन अंगणांमधला बांबूचा तट्टा तार सोडून बाजूला सारला आणि आत आले, हातात पाण्याचा गडवा होता. माझ्या मागून, बायकांच्या पायांमधून वाट काढत माही कधी आली मला कळलं नाही. ती तुमच्या कुशीला आडवी झाली. तुमचा पदर ओढला आणि स्वतःच्या तोंडावर घेतला, जशी ती रोज दुपारी झोपताना घ्यायची. दोन महिने मी तिला तुमच्याकडे येऊ दिलं नव्हतं. दोन महिन्यांत ती काहीच विसरली नव्हती.

बायकांनी हंबरडा फोडला. तुमच्यासाठी कमी, तिच्यासाठी जास्त. "मोठी माय गेली वो माये, आता या लेकराले कोण हाय?" असं कोणी तरी म्हणालं, मग दुसरीही तेच म्हणाली. मी तिथेच उभी होते बाई. मी, तिची आई, गडवा घेऊन, चार हातांवर. एकजण मला म्हणाली, "वनिता, जराशी बाजूले हो वं, पोट्टीले बसू दे तिच्यापाशी." मी बाजूला झाले.

लोक म्हणतात, मेलेल्या माणसाचा राग राहत नाही. मला त्या वेळी तुमच्या पदराचा हेवा वाटला. हे मी कोणाला सांगू? देवालाही सांगवत नाही. म्हणून वहीला सांगते.

माही झाली तेव्हा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझ्याबरोबर तुम्हीही होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला डाऊन सिंड्रोम आहे. सगळं उशिरा होईल, बसणं, चालणं, बोलणं. यावर औषध नाही, हा आजार नाहीच, ही अशीच आहे. माहीच्या बाबांनी खाली मान घातली. मला तर काही ऐकूच येत नव्हतं. तुम्ही विचारलं, "बाई, हे हासन का?"

"हसेल की. खूप हसेल."

"मंग झालं," तुम्ही म्हणालात, आणि बाळाला शालीत गुंडाळायला लागलात.

मंग झालं! मला तुमचा त्या दिवशी इतका राग आला. मला रडायचं होतं. चार दिवस, आठ दिवस, पोट भरून रडायचं होतं. ते माझं दुःख होतं, मी ते पोटात नऊ महिने वाढवलं होतं, आणि तुम्ही ते दोन शब्दांत आवरून शालीत बांधून टाकलं. एसटीत भंडाऱ्यापर्यंत तुम्ही खिडकीकडच्या अनोळखी बाईला कौतुकाने बाळ दाखवत होता. "आमची हाय," म्हणत होता. मी शेजारी बसून होते. त्या बाईने मला विचारलं, "तुमी कोण, मावशी का?"

तिला ओढून प्यायला जमत नव्हतं. जीभ पुढे यायची, दूध ओठांतून गळायचं. मी वाटीत दूध काढून द्यायची आणि तुम्ही मांडीवर घेऊन, हनुवटीखाली एक बोट धरून, चमच्याने थेंब थेंब पाजायचात. मी तसंच बोट धरलं तर ती ठसकायची. तुमच्या बोटाला काय कळायचं, ते माझ्या बोटाला कधी कळलं नाही. दूध माझं, पाजणाऱ्या तुम्ही. असे सात महिने.

मी तुम्हाला विचारायला हवं होतं, बोट नेमकं कुठे धरता. विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही दाखवलंही असतं. पण मला ते शिकायचं नव्हतं, मला ते आपोआप यायला हवं होतं. आईला आपोआप येतं असं सगळे म्हणतात ना.

तुम्ही कोणाचं ऐकून घेतलं नाही, हेही खरं. मला कोणी बोललं की मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी राहायची, आणि रात्रभर उत्तरं शोधायची. तुम्हाला उत्तर तिथल्या तिथे सुचायचं. बोअरिंगवर ती वरच्या आळीची बाई म्हणाली होती, "अडीच वर्साची झाली अन् अजून चालत नाही?" तुम्ही हंडा भरता भरता म्हणालात, "तुही पोट्टी तं दहाव्या महिन्यात चालली व्हती म्हणे. मंग कुठं पोचली?" सगळ्या हसल्या, ती बाईसुद्धा. दुसरी एक प्रेमाने बोलायला गेली, "असू दे वो, देवाचं लेकरू हाय," तर तिलाही सोडलं नाही. "देवाचं कायले? आमचं हाय. देव येते का तिचे लंगोट धुवाले?"

मी पण हसले. घरी येताना मनात आलं, हे मला बोलता यायला हवं होतं. माझ्या लेकीसाठी भांडायची पाळी आली की माझ्या आधी तुम्ही भांडून मोकळ्या व्हायच्या. माझ्यासाठी काही उरतच नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझी होती. निदान इतकी वर्षं मी तसं समजत होते.

तीन वर्षांपूर्वीची रोवणी तुम्हाला आठवत असेल. लाखांदूरला माझे बाबा पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि मला जावं लागलं. माही तीन वर्षांची होती, कंबर धरून उभी राहायची, पण पाऊल टाकत नव्हती. दवाखान्यात तिला कुठे नेणार? तुमच्याकडे ठेवून गेले. चार दिवस. पाचव्या दिवशी संध्याकाळी एसटीतून उतरून आले, पायरीवर बसून पाय धुवायला तांब्या उचलला, तर तुम्ही ओरडलात, "थांब वं! पाय नोको धुवू. बस तिथंच."

तुम्ही अंगणाच्या मधोमध उकिडव्या बसला होता, माहीचे दोन्ही हात धरून. तिची पाठ माझ्याकडे होती. तुम्ही हात सोडले. आणि ती मागे चालायला लागली. पुढे नाही, मागे. एक पाऊल, मग थोडं डुलणं, मग दुसरं. तोंड तुमच्याकडे, पाठ माझ्याकडे. पाच पावलं मी मोजली. सहाव्याला ती माझ्या मांडीवर येऊन बसली, धप्पकन.

"पाह्य," तुम्ही म्हणालात, "मांगं माय हाय म्हून तिले मालूम हाय. म्हून भेव नाही लागत तिले."

मी किती रडले तेव्हा. तुम्ही उठून चुलीकडे गेलात, मला वाटलं तुम्हाला वाईट वाटलं. आणि मला, खोटं कशाला सांगू, त्याचाच आनंद जास्त झाला. चार दिवस तुम्ही सांभाळलं, पण पहिलं पाऊल तिने माझ्यासाठी राखून ठेवलं. तुम्ही समोर होता, तरी ती माझ्याकडे आली. माहेरी सगळ्यांना सांगितलं. एसटीत शेजारी बसलेल्या बाईलाही सांगितलं, मी, जी तिकीट मागतानाही हळू बोलते. पुढे ती सरळही चालायला शिकली, पण अजूनही गर्दी दिसली, कुकरची शिट्टी झाली, की ती मागे मागे जाते, पाठ कोणाला तरी टेकेपर्यंत. मला प्रत्येक वेळी वाटायचं, ती मला शोधते आहे.

तुमच्याकडे तिचं बाकी सगळं होतं. माझ्याकडे ही पाच पावलं.

मग या एप्रिलातला शाळेचा दिवस. पहिलीत घालायच्या लेकरांना आईने घेऊन यायचं होतं. मी तुम्हाला बरोबर चला म्हटलं, कारण मॅडमपुढे माझं तोंड उघडत नाही. हे मीच केलं, मान्य आहे. मॅडमनी कागद पुढे घेतला आणि विचारायला लागल्या. जेवताना कोणता हात? तुम्ही म्हणालात, डावा, पण कोणी टोकलं तं उजवा. कशाला घाबरते? कुकरच्या शिट्टीले, मिक्सरले नाही. घाबरली की काय करते? मांगं चालते. संडासला कसं सांगते? कान ओढते. काय आवडतं? पेज, मीठ टाकून, गरम नाही.

बाई, मला हे सगळं माहीत होतं. एक एक उत्तर माझ्याही तोंडात यायचं, पण माझं उत्तर दातांपर्यंत येईतो तुमचं कागदावर उतरलेलं असायचं. मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. शेवटी त्या लाडाने माहीला म्हणाल्या, "चल, आता आईजवळ जा बरं."

ती तुमच्या गुडघ्याला जाऊन बिलगली.

मॅडम हसल्या. वाईट मनाने नाही. तुम्ही तिचे खांदे धरून तिला हळूच माझ्याकडे वळवलंत. "हे आई हाय, मॅडम. मी नुसता भोंगा हाव." मॅडम आणखी हसल्या. तिचं तुमच्याकडे जाणं मी सोसलं असतं. तुम्ही तिला माझ्याकडे वळवलंत, ते मला सोसलं नाही. जसं काही वाढलेल्या ताटातलं उचलून द्यावं.

घरी आल्यावर मी बोलले. जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने बोलले, माहीचे बाबा गोठ्यातून बाहेर आले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, तुम्ही ऐकलं आहे. तुमचे दोन लेक मोठे झाले, नागपूरला गेले, आता तुमचे हात रिकामे आहेत म्हणून माझं एकुलतं एक ओढता, हे म्हटलं. आणि हेही म्हटलं, "कितीही ओढा. पहिलं पाऊल तिनं माझ्याकडे टाकलं व्हतं, तुमच्याकडे नाही. तुमी नुसत्या पाहत व्हत्या."

मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुम्ही तर कोणाचं ठेवून घेणाऱ्या नव्हेत. तुम्ही हातातलं सूप खाली ठेवलंत आणि माझ्याकडे पाहिलंत, बराच वेळ. मग म्हणालात, "हो वं. तुह्याकडंच टाकलं व्हतं."

इतकंच. आणि आत गेलात. मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी मी दोन अंगणांच्या मधल्या मोकळ्या जागेत तट्टा उभा केला आणि तारेने बांधला. माहीचे बाबा म्हणाले, हे काय? मी म्हटलं, कोंबड्या इकडे येतात. दोन महिने तो तट्टा होता. माही त्याच्या भोकांत बोटं घालून उभी राहायची. पलीकडून तुम्ही काही बोलत नव्हता. मी कान देऊन असायची, बोलाल आणि मला आणखी भांडता येईल म्हणून. पण तुम्ही फक्त येऊन बसायचात, सावली दिसायची. एकदा तिच्या बोटांना पेजेचा वास आला. मी ती धुऊन टाकली.

तिने तुमच्याबद्दल विचारलंच नाही असं नाही. रोज सकाळी तट्ट्याकडे हात करून "मोमा" म्हणायची, आणि मी "मोठी माय गावाले गेली" असं सांगायची. तुम्ही पलीकडे अंगण झाडत असायचात, खराट्याचा आवाज यायचा. तिला सगळं कळायचं. ती माझ्याकडे पाहायची, मग आवाजाकडे. खोटं बोलणारी आई कशी दिसते, ते तिने तेव्हा पाहून घेतलं.

तुम्ही जाण्याच्या दोन दिवस आधी पलीकडून आवाज आला. "वनिता."

"काय?"

"पऱ्हे आले चांगले. पंधरा दिवसांत रोवणी लागन."

"हो."

"तट्टा काढ वं. पोट्टीले रोवणीले न्या लागते. चिखलात तिचे पाय बरे होतेत."

मी म्हटलं, "पाहू."

पाहू. हा माझा तुमच्याशी बोललेला शेवटचा शब्द. मनात मात्र मी "हो" म्हटलं होतं. रोवणीच्या आदल्या दिवशी काढणार होते. तुम्हाला थोडं थांबायला लावायचं होतं, बस्स. तुम्ही माझ्यासाठी कधी थांबल्या नव्हत्या, एकदा थांबाव्यात असं वाटलं.

तेरवीच्या दिवशी आम्ही बायका मागच्या पडवीत भाजी चिरत बसलो होतो. रोवणीच्या टोळीतल्या सगळ्याच होत्या. सिंधूबाई माझ्या शेजारी होती, तुमची जोडीदारीण, तुम्हाला कौसाबाई म्हणणारी, रांगेत कायम तुमच्या डाव्या हाताला असणारी. माही तिथेच खेळत होती. आत कोणी तरी कुकर लावला, शिट्टी झाली, आणि ती मागे मागे चालत आली. सिंधूबाईच्या पाठीला टेकली.

मी म्हटलं, काही तरी बोलायचं म्हणून, "अशीच चालली व्हती पहिल्यांदा. मी लाखांदुरावून आली त्या दिवशी."

सिंधूबाईने विळीवरचा हात थांबवला. बाकीच्यांकडे पाहिलं. एक म्हातारी म्हणाली, "सांगून टाक वं. आता कोणाची शपथ राहिली?"

"पहिल्यांदा नव्हे ते," सिंधूबाई म्हणाली. "पहिल्यांदा आमच्या बांधीत चालली ते. तू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मग तिने सगळं सांगितलं. तुम्ही माहीला धुऱ्यावर बसवली होती, ती रडायला लागली, म्हणून उचलून रांगेत आपल्या शेजारी चिखलात उभी केलीत. पोटऱ्यांपर्यंत चिखल. चिखलाने तिचे पाय धरून ठेवले, पडूच देईना. तुम्ही सगळ्या वाकून लावत लावत एक एक पाऊल मागे सरकत होता, रोवणीत मागेच सरकायचं असतं. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अकरा बायका मागे चालतात. तिला वाटलं, माणसं अशीच चालतात. तीही सरकली.

"अर्धी बांधी चालली," सिंधूबाई म्हणाली. "आमी लावाचं सोडून उभ्या राहिलो. कौसाबाई रडली. तोंडाले चिखल लागला म्हून पदरानं पुसाले गेली तं पदरालेही चिखल. वाघोबावानी दिसत व्हती. आमी हासून हासून मेलो." मग ती हसायची थांबली. "अन् मंग कौसाबाई म्हणे, कोनी सांगाचं नाही. वनिता आली का तिच्यापुढं चालन, तेच पहिलं. जे बाई सांगन, तिच्या बांधीत मी पाय ठेवणार नाही."

तुमचा पाय बांधीत नसेल तर कोणाची रोवणी वेळेत होत होती? भर हंगामात त्या कशाला तोंड उघडतील? पण पुढची तीन वर्षं? या गावात दुपारी कोणाची भाजी करपली तर संध्याकाळी दुसऱ्या टोकाला कळतं. अकरा बायका तीन वर्षं गप्प राहिल्या. मी बोअरिंगवर, हळदीकुंकवात, किती वेळा त्यांच्याचसमोर ती पाच पावलं सांगितली असतील. त्या प्रत्येक वेळी नवीन ऐकल्यासारखं "अगो बाई" म्हणायच्या.

मी विळी ठेवून मागच्या दाराने निघून गेले. लोकांना वाटलं तुमच्यासाठी रडते आहे.

रडत नव्हते. मला संताप आला होता. हेही तुमचंच! जे एक माझं म्हणून मुठीत धरून ठेवलं होतं, ते उघडून पाहिलं तर तेही तुम्हीच ठेवलेलं. गोठ्याच्या भिंतीशी उभी राहून मी मनात तुमच्याशी भांडले. काहून केलं असं? कोणी सांगितलं होतं? पाहिलं होतं तर पाहिलं होतं, सांगून टाकायचं, मी जळले असते आणि संपलं असतं.

मग ते सूप आठवलं. खाली ठेवलेलं सूप, आणि तुमचं बराच वेळ पाहणं. तुमच्या जिभेवर होतं तेव्हा. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं, आणि तुम्हाला तर वाक्यं लगेच सुचायची. "हो वं, तुह्याकडंच टाकलं व्हतं." अंगणातल्या त्या संध्याकाळी तुम्ही चुलीकडे का गेलात, तेही तेव्हा कळलं.

बाई, मला वाटतं, तुमच्या जागी मी असते तर सांगितलं असतं. माझ्याने राहवलं नसतं. पहिलं पाऊल पाहिलं तर मी गावभर नाचले असते आणि आलेल्या आईला दारातच सांगितलं असतं, "तुझ्याआधी मी पाहिलं." म्हणून आता मला तुमचा आणखी एक हेवा वाटतो. तिच्यावर माया करणं तुम्हाला जमलं, त्याचा होताच. आता मला देऊन टाकणं जमलं, त्याचाही. हा सगळ्यात मोठा आहे आणि याच्यावर तट्टा बांधता येत नाही.

तुम्हाला मी कधीच काही बरं बोलले नाही. बोलायचं होतं असंही खोटं म्हणणार नाही. नव्हतं बोलायचं. आज बोलावंसं वाटतं.

आज सकाळी आम्ही बांधीत उतरलो. रांग लागली. धुऱ्याकडची तुमची जागा मोकळी होती. कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी तिथे उभं राहिलं नाही. सिंधूबाईच्या उजव्या हाताला एका माणसाएवढं पाणी. सिंधूबाई मला म्हणाली, "तू उभी राह्य."

"माहा हात हळू हाय," मी म्हटलं.

"मालूम हाय आमाले. तरी उभी राह्य."

माझ्याने झालं नाही. मी मागच्या धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या सोडून बायकांना द्यायला लागले. माहीला शेजारी बसवली होती. मी खाली मान घालून काम करत होते. वर पाहिलं तर ती नव्हती. ती चिखलात उतरली होती, फ्रॉक वर धरून, आणि रांगेकडे चालली होती. सरळ, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारणार होते, पण सिंधूबाईने हात वर केला.

ती तुमच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिने डावीकडे पाहिलं, सिंधूबाई. उजवीकडे पाहिलं, धुरा. मग समोर खाली पाहिलं, तिथे लावलेलं काही नव्हतं, नुसतं गढूळ पाणी. खूप वेळ पाहत राहिली. बायकांनी लावायला सुरुवात केली, सरकायला लागल्या, आणि तीही सरकायला लागली. रांग हळू सरकते, हातांना वेळ लागतो. तिच्या हातात काही नव्हतं, ती पुढे निघून आली, म्हणजे मागे. एक पाऊल, थोडं डुलणं, मग दुसरं. तोंड तुमच्या जागेकडे, पाठ माझ्याकडे. या वेळी मी पावलं मोजली नाहीत.

धुरा आला तशी तिची पाठ माझ्या गुडघ्यांना लागली आणि ती टेकली. सगळा भार टाकून टेकली. फ्रॉकमधून चिखलाचं गार पाणी माझ्या लुगड्यात उतरलं. ती वळून पाहत नव्हती. ती अजून तिकडेच पाहत होती, आणि शांत होती. अठरा दिवसांत अशी शांत झाली नव्हती.

"मोमा," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मला सांगता आलं असतं, मी आहे, आई. तोंडापर्यंत आलं होतं. या वेळी माझ्या आधी बोलणारं कोणी नव्हतं.

मी बोलले नाही, बाई. पेंढी खाली ठेवली आणि तिच्या हनुवटीखाली एक बोट धरलं, कुठे धरायचं ते माहीत नसताना. ती ठसकली नाही. तिला वाटलं असेल, तुम्ही. वाटू दे. भार माझ्या गुडघ्यांवर होता.